नवा विद्युत सुरक्षा कोड महापालिका लागू करते का? आणि तो आपल्या डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या वीज वाटणाऱ्या पेटीपर्यंत, पोहोचतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात : आमची इमारत १९९४ ची, चार मजली, ३२ फ्लॅटची. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना न्हाणीघरात नळ धरताच जबर झटका बसला. त्या थोडक्यात वाचल्या. राष्ट्रीय विद्युत संहिता २०२३ मध्ये नव्यानं निघाली असं ऐकतो. ती महापालिकेनं स्वीकारली आहे का? नसेल तर कधी स्वीकारणार, आणि अर्ज कुणाकडे करायचा? माझी बहीण न्यू जर्सीत असते. ती म्हणते की तिच्याकडे टाउनशिपचा इन्स्पेक्टर घरी येऊन नव्या कोडप्रमाणे वायरिंग पाहून जातो, आपल्याकडे असं का नाही?

मी सव्वीस वर्षं लायसन्स घेऊन विद्युत ठेकेदारी करतो आहे. त्याआधी आयटीआय करून वायरमन म्हणून काम केलं. म्हणजे हा विषय मला सरकारी टेबलाच्या अलीकडून माहीत आहे, पण त्या टेबलावर कागद घेऊन इतक्यांदा उभा राहिलो आहे की पलीकडचं कामही बऱ्यापैकी कळतं.

आधी सरळ उत्तर देतो. तुमची महापालिका घरातल्या वायरिंगचा कोड ‘स्वीकारत’ नाही आणि तसा अधिकारही तिच्याकडे नाही. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, त्यात नागरी संस्थांकडे सोपवायच्या कामांची यादी आहे. तिच्यात जमिनीचा वापर आणि इमारत बांधकामाचं नियंत्रण आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत. तुमच्या भिंतीतली वायर मात्र नाही. त्यामुळे नगरसेवकाला निवेदन देऊन, सभागृहात ठराव करून घेऊन हे काम होणार नाही. अनेक सोसायट्या याच वाटेनं जातात, वर्षभर चपला झिजवतात आणि शेवटी ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर घेऊन परततात. ते उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नसतो.

मग कोड लागू कोण करतं? इथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात, कारण सगळा घोटाळा त्या एकत्र केल्यानं होतो.

एक म्हणजे मानकं. राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ मध्ये पहिल्यांदा निघाली, २०११ मध्ये सुधारली, मग २०२३ मध्ये. ती भारतीय मानक ब्युरोची. घरगुती वायरिंगचं रोजच्या कामाचं मानक म्हणजे आयएस ७३२, त्याची २०१९ ची सुधारित आवृत्ती चालू आहे. अर्थिंगसाठी आयएस ३०४३, तिची २०१८ ची. इमारतीसाठी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, तिच्या आठव्या भागात विजेचं प्रकरण येतं. ही पुस्तकं उत्तम आहेत, पण नुसतं पुस्तक छापून आलं म्हणून कुणावर बंधन येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कायदा. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५३ नुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरण राज्यांशी सल्लामसलत करून सुरक्षेचे उपाय ठरवतं आणि ते राजपत्रात आले की देशभर बंधनकारक होतात. जुन्या लोकांना १९५६ चे विद्युत नियम आठवत असतील. त्यांची जागा २०१० च्या नियमावलीनं घेतली, आणि २०२३ मध्ये तीही बदलून नवी नियमावली आली. म्हणजे २०२३ साली पुस्तकही नवं आलं आणि कायदाही. एकच वर्ष असल्यामुळे लोक दोन्ही एक समजतात. तुम्ही विचारलं ते पुस्तकाबद्दल, पण तुमच्या कामाचा आहे तो कायदा, आणि तो लागू व्हायला कुणाच्या ठरावाची वाट पाहायची नाही. तो नाशिकमध्ये लागू आहेच.

दोघांचं नातं कसं आहे तेही सांगतो. २०१० च्या नियमावलीत वाक्य असं होतं की मानक ब्युरोची कार्यपद्धती, राष्ट्रीय विद्युत संहिता वगैरे ‘पाळता येतील’, आणि विसंगती आली तर नियमावली वरचढ. हे ‘येतील’ बघा. ठेकेदाराशी वाद झाला की सगळा वाद त्या एका क्रियापदावर येऊन बसतो. म्हणून मी ग्राहकाला नेहमी सांगतो, संहितेचं नाव घेऊन भांडू नका. नियमावलीत जे थेट लिहिलं आहे ते आधी मागा आणि बाकीचं कामाच्या करारात लिहून घ्या. करारात ‘आयएस ७३२ प्रमाणे’ हे तीन शब्द आले की ते तुमच्या ठेकेदारापुरतं बंधनकारक झालं.

तुमच्या प्रकरणात जे थेट लिहिलं आहे ते म्हणजे गळती संरक्षण, प्रवाह वाटेत कुठे गळाला की वीज आपोआप तोडणं. आपण ज्याला आरसीसीबी म्हणतो आणि जुने लोक अजून ईएलसीबी म्हणतात, ते उपकरण. याचा इतिहास पाहिला की कोड खाली कसा उतरतो ते कळतं. १९५६ च्या नियमांत पुढे ६१-अ हा नियम घातला गेला आणि गळती संरक्षण सक्तीचं झालं, पण ५ किलोवॉट आणि त्यावरच्या जोडण्यांना. १९९४ साली मध्यमवर्गीय फ्लॅटचा भार ५ किलोवॉट कुठून असणार? एक फ्रिज, चार पंखे, ट्यूब, इस्त्री. म्हणजे नियम होता, पण तुमच्यासारख्या इमारती त्याच्या खालून निघून गेल्या. २०१० मध्येही हद्द ५ किलोवॉटचीच राहिली. २०१५ च्या दुरुस्तीत ती २ किलोवॉटवर आली, आणि त्या एका आकड्यानं देशातली कोट्यवधी घरं नियमात आली. घरगुती जोडणीला या उपकरणानं ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडली पाहिजे, त्याहून ढिलं चालत नाही. इतर जोडण्यांना मर्यादा १०० मिलिअँपिअर.

आता तुमचं वीजबिल काढून ‘मंजूर भार’ काय आहे ते बघा. जुन्या फ्लॅटमध्ये तिथे एक, दीड किलोवॉट असं काहीतरी असतं आणि घरात मात्र एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन असतं. खरा भार चार-पाच किलोवॉट, कागदावर दीड. कागदावरचा आकडा वाढवायला कुणी जात नाही, कारण स्थिर आकार, अनामत रक्कम, टेस्ट रिपोर्ट असं सगळं मागे लागतं. पण तो टेस्ट रिपोर्टच तर नव्या नियमाचा घरात यायचा रस्ता आहे. भार वाढवून घेतला नाही की नवा नियम उंबऱ्याबाहेरच राहतो.

हा रस्ता नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा सांधा इथेच आहे. नवी जोडणी किंवा वाढीव भार हवा असेल तर ग्राहकाच्या आतल्या वायरिंगची तपासणी व्हावी लागते. नियमाप्रमाणे वीज कंपनीनं स्वतः तपासायचं किंवा लायसन्सधारक ठेकेदारानं केलेल्या चाचणीचे आकडे मान्य करायचे. व्यवहारात यातला दुसरा मार्गच चालतो, ठेकेदाराच्या चाचणीचा. इन्सुलेशनची चाचणी ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारं यंत्र) एक मिनिट घ्यायची, किमान १ मेगओहम मिळालं पाहिजे. अर्थिंगचा रोध मोजायचा. पोलॅरिटी बघायची, म्हणजे फेज स्विचमधूनच जातो आहे ना, न्यूट्रल तुटत नाही ना. आरसीसीबी पडतो का, म्हणजे वीज तोडतो का, ते बघायचं. मग सही, शिक्का, लायसन्स नंबर.

मी नवीन असताना एका तालुक्याच्या गावी एका जुन्या ठेकेदाराच्या हाताखाली होतो. त्यांच्या टेबलाच्या खणात टेस्ट रिपोर्टचा गठ्ठा असायचा, खाली सही-शिक्का आधीच केलेला, वरचं सगळं कोरं. गिऱ्हाईक आलं की मी नाव आणि पत्ता भरायचो. मेगओहमच्या रकान्यात दर वेळी ‘५०’ लिहायचो, कारण त्यांनी तसंच सांगितलं होतं. मेगर दुकानात होता, पण त्याची बॅटरी कधी घातलेली मी पाहिली नाही. अशी किती घरं झाली असतील, दोनशे? अडीचशे? त्यातल्या एकाही घराची वायर मी पाहिलेली नव्हती. आज त्या गावातून जाताना मला त्या घरांकडे बघवत नाही. दिल्लीत तज्ज्ञांच्या समितीनं बसून केलेला कोड त्या खणात येऊन थांबत होता. म्हणून कोड ‘लागू’ झाला का हे विचारताना राजपत्राची तारीख पुरेशी नाही. त्या रकान्यात खरा आकडा लिहिला जातो का हे विचारायला हवं.

आता महापालिका यात अजिबातच नाही असंही नाही. नवीन इमारतीत ती येते, पण बांधकामाच्या दारानं. मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईत डीसीपीआर २०३४. या नियमावल्या राज्य सरकार नगररचना कायद्याखाली मंजूर करतं, त्याआधी मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात. यूडीसीपीआरमध्ये इमारतीतली विद्युत व्यवस्था राष्ट्रीय इमारत संहितेच्या आठव्या भागाप्रमाणे असावी असं म्हटलेलं आहे. पुस्तकाला कायद्याचं बळ मिळतं ते अशा उल्लेखातून. पण भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकेचा अभियंता मार्जिन, पार्किंग, जिना, आग विझवण्याची व्यवस्था बघतो. तो तुमचा स्विचबोर्ड उघडत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही.

विद्युत निरीक्षक हा राज्य सरकारचा अधिकारी, विद्युत अधिनियमाच्या कलम १६२ खाली नेमलेला. तो मुख्यतः मोठ्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) जोडण्या, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर बघतो. निवासी इमारतींत तो येतो ती इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर. अशा इमारतीला वीज सुरू करण्याआधी, किंवा सहा महिने बंद राहून पुन्हा सुरू करताना, त्याची तपासणी लागते. शिवाय तिथे वीजवाहिन्यांच्या डक्टमधून दुसरं काही न्यायचं नाही, प्रत्येक मजल्यावर डक्टला अग्निरोधक अडसर हवा, केबल कमी धूर करणारी हवी, असे नियम आहेत. तुमची चार मजली इमारत बहुधा तेरा-साडेतेरा मीटरची असेल. म्हणजे उंचीमुळे होणारी ही निरीक्षकाची तपासणी तुमच्या इमारतीला लागूच झाली नाही. राज्यातल्या जुन्या सोसायट्यांचा केवढा तरी हिस्सा याच उंचीचा आहे. ही उणीव मला फार खुपते. उंच इमारतींवर लक्ष जास्त हवं हे बरोबर, पण शॉक लागायला माणसाला पंधरावा मजला लागत नाही.

अधिसूचित दाबापर्यंतच्या जोडण्यांची ठरावीक मुदतीनं होणारी तपासणी मालकानं स्वतः प्रमाणित करायची, अशी तरतूद आता आहे. जबाबदारी तुमच्यावर आली आहे आणि बहुतेक मालकांना ते माहीतच नाही.

बहिणीच्या न्यू जर्सीबद्दल. तिथे कोडचं पुस्तक एनएफपीए नावाची ना-नफा संस्था काढते, पहिलं १८९७ सालचं, आता दर तीन वर्षांनी नवं. त्या पुस्तकालाही आपोआप काही बळ नाही, आपल्यासारखंच. राज्यानं किंवा शहरानं कायदा करून ‘अमुक सालची आवृत्ती आमच्याकडे लागू’ असं म्हणावं लागतं. न्यू जर्सीत हे काम राज्य करतं. २०२० ची आवृत्ती तिथे २०२२ मध्ये लागू झाली. टाउनशिपला आपल्या मनानं त्यात कमी-जास्त करता येत नाही, तिनं फक्त अंमल करायचा. टेक्सासमध्ये राज्य किमान पातळी ठरवतं आणि शहरं त्यात भर घालतात. शिकागोचा स्वतःचा कोड आहे आणि तिथे घरातली वायरसुद्धा धातूच्या पाइपातून न्यावी लागते. म्हणजे ‘स्थानिक संस्था कोड स्वीकारते’ ही कल्पना तिकडची, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. तिकडून घेण्यासारखं काही असेल तर ते स्वीकारण्याची पद्धत नव्हे. भिंत बंद करायच्या आधी पगारी, परीक्षा पास झालेला इन्स्पेक्टर येऊन वायर बघतो, आणि त्यानं सही केल्याशिवाय प्लास्टर होत नाही. हे घेण्यासारखं आहे. आपल्याकडे मंजुरीचे कागद अनेक आहेत, पण प्लास्टर होण्याआधी बघणारे डोळे नाहीत.

आता तुमच्या इमारतीकडे येतो. कारण तुम्ही सांगितलेल्या अपघातात एक गोष्ट आहे जिच्यामुळे मी हे उत्तर इतकं लांबवतो आहे.

बाईंना झटका बसला तो नळाचा, गीझरच्या अंगाचा नव्हे. १९९४ ची इमारत, म्हणजे भिंतीत जीआय पाइप, जस्त चढवलेल्या लोखंडाचे. साधारण २०१४-१५ च्या सुमारास अशाच एका इमारतीत मला बोलावलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना नळाला मुंग्या येत होत्या. त्यांच्या घरचा गीझर काढून ठेवला, तरी मुंग्या तशाच. मेन बंद केला, तरीही टेस्टर नळावर उजळतोच आहे. घरातले घाबरले, करणी वगैरे बोलायला लागले. मी मल्टिमीटर घेऊन वर गेलो. बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू मुलं होती, गीझर चालू. त्या गीझरचा हीटिंग एलिमेंट आतून फुटलेला, आणि थ्री-पिन टॉपमध्ये अर्थची तार जोडलेलीच नव्हती, इन्सुलेशनसकट मागे दुमडून ठेवलेली. गीझरच्या टाकीवर फेज, टाकीतून पाण्याच्या लोखंडी पाइपात, पाइपातून खालच्या मजल्यावर. मुलं स्वतः रबरी चपला घालून आंघोळ करत होती, त्यांना जाणवलं नव्हतं. त्यांचा डीबी उघडला. आरसीसीबी होता! पण त्याच्या दोन्ही पोलांच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये ४ चौरस मिलिमीटरच्या वायरचे वीतभर तुकडे घालून तो टाळलेला. का, तर ‘सारखा पडायचा’.

तो सारखा पडायचा तेव्हा त्याचं कामच करत होता.

या प्रसंगातला मुद्दा असा : आजींच्या घरात नवाकोरा आरसीसीबी असता तरी तो पडला नसता. आरसीसीबी मोजतो तो त्याच्यामधून गेलेला आणि परत आलेला प्रवाह. नळातून आलेली वीज वरच्या फ्लॅटच्या मीटरमधली होती, आजींच्या डीबीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे इमारतीत लोखंडी पाइप आहे तोवर तुमची सुरक्षितता तुमच्या वरच्याच्या डीबीत असते. म्हणून ज्यांना पाहिजे त्यांनी बसवा, असं हे काम होत नाही. ३२ पैकी ३१ घरांनी बसवलं आणि एकानं नाही, तरी त्या एका घराच्या खालचा आणि वरचा धोक्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या बाबतीत त्यांच्याच घरात दोष शोधला असेल, तर आधी वरचं आणि शेजारचं घर तपासा. अजून तपासलं नसेल तर हे वाचून झाल्यावर आजच.

काही जण म्हणतील, अर्थिंग चांगलं असेल तर एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) पडेलच, आरसीसीबी कशाला? हिशेब करून बघा. २३० व्होल्ट, आणि तुमच्या अर्थचा रोध १० ओहम धरा, जो जुन्या, कधी पाणी न घातलेल्या अर्थपिटला (अर्थच्या खड्ड्याला) चांगलाच म्हणायचा. ओहमच्या नियमानं प्रवाह २३ अँपिअर. मेनचा एमसीबी ३२ अँपिअरचा. तो पडणार नाही, आणि गीझरचं अंग तसंच जिवंत राहील. तेच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला अर्थ कितीही सुमार असला, अगदी हजार ओहमचा, तरी पुरतो. जुन्या इमारतींत अर्थपिट पार्किंगच्या फरशीखाली गाडलेला असतो आणि तो कुठे आहे हेसुद्धा कुणाला आठवत नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा हा आकडा प्राण वाचवणारा आहे, म्हणून तो नियमात आला. म्हणून अर्थिंग सोडून द्यायचं नाही, दोन्ही हवंच.

आणि ‘सारखा पडतो’ ही तक्रारही खरी असते, तिला उडवून लावू नये. जुन्या वायरिंगला आरसीसीबी लावला की पहिल्याच संध्याकाळी तो पडतो. कारण बहुतेक वेळा असं असतं की वायरमननं तार वाचवण्यासाठी दोन सर्किटचा न्यूट्रल एकत्र केलेला असतो, किंवा इन्व्हर्टर लावताना त्याचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला कुठल्यातरी बोर्डात गाठलेला असतो. एकीकडून गेलेला प्रवाह दुसरीकडून परत येतो, आरसीसीबीला गळती वाटते. हे शोधायला वेळ लागतो, एका फ्लॅटला अर्धा दिवस सहज जातो. त्याचे पैसे द्यायची तयारी ठेवा. हा अर्धा दिवस वाचवायला जो तुकडा घालतो, त्याला पुन्हा बोलावू नका.

आता अर्ज कुणाकडे, याचं उत्तर. तुमच्या बाबतीत कोड स्वीकारणारी स्थानिक संस्था म्हणजे तुमची स्वतःची सर्वसाधारण सभा. मी हे अगदी व्यवहाराच्या अर्थानं म्हणतो आहे. नियमावली देशाची आहे, लागू आहे, पण जुन्या घरात शिरायला तिला निमित्त लागतं, आणि ते निमित्त सोसायटी देऊ शकते. उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करायला समितीची परवानगी लागते. त्या परवानगीच्या पत्रात अट घाला की वायरिंगचं कोणतंही काम लायसन्सधारक ठेकेदाराकडूनच होईल आणि काम झाल्यावर चाचणीचा अहवाल सोसायटीत जमा होईल. ही काही तुमची मनमानी नाही. बल्ब, पंखा, स्विच, फ्यूज बदलणं सोडलं तर बाकी सगळं काम लायसन्सधारक ठेकेदारानं, प्रमाणित पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं हे केंद्राच्या नियमावलीतच आहे. भाडेकरू ठेवताना मालकाकडून आरसीसीबीची चाचणी करून घ्या, पोलीस पडताळणीचा कागद मागता त्याच वेळी.

जे सभासद ऐकणार नाहीत त्यांच्यासाठी एक मार्ग मी दोन-तीन सोसायट्यांत वापरला आहे. मीटरनंतर मीटर रूममध्ये प्रत्येक फ्लॅटचा जो मेन स्विच असतो, जुन्या इमारतीत किटकॅट फ्यूजचा, तो बदलायची वेळ झालेलीच असते. सोसायटीनं सामायिक खर्चानं तिथे एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, काम मीटरच्या पुढचं. आधी वीज कंपनीला लेखी कळवा आणि पुरवठा बंद करून घ्या. गैरसोय आहे, पडला की खाली उतरावं लागतं. पण कुणाच्या घरात न शिरता सगळी इमारत एका दिवसात सुरक्षित होते. आयएसआय चिन्ह बघून घ्या, आयएस १२६४० चं. चांगल्या कंपनीचा दोन-पोल आरसीसीबी दोन-तीन हजारांत येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्यानं मरणाऱ्यांची संख्या अलीकडे दरवर्षी १० हजारांच्या वर असते. ती माणसं आणि हे दोन-तीन हजार रुपये शेजारी ठेवून सभासदांना दाखवा. माझा अनुभव आहे, विरोध करणारे गप्प होतात.

ज्यांचा मंजूर भार खऱ्या भारापेक्षा कमी आहे त्यांनी तो वाढवून घ्यावा. सोसायटीनं एकत्र अर्ज केले तर टेस्ट रिपोर्टचं काम एकाच ठेकेदाराकडून, प्रत्यक्ष चाचणी करून, बरंच स्वस्तात होतं. तक्रार करायची असेल, म्हणजे कुणी आरसीसीबी टाळून बसला आहे आणि ऐकत नाही, तर ती वीज कंपनीच्या उपविभागाकडे आणि जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे, दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. अपघात घडला असेल तर कलम १६१ खाली त्याची सूचना द्यावी लागते आणि निरीक्षकाची चौकशी होऊ शकते. बाईंच्या घटनेची नोंद कुठेच झाली नसेल, तर सोसायटीच्या इतिवृत्तात तारखेसह तरी करून ठेवा.

आणखी एक दार आहे, त्याकडे सहसा कुणी जात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला नियमावली करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावाच लागतो, तशी अट कायद्यातच आहे. मानक ब्युरोचे मसुदेही अभिप्रायासाठी खुले असतात. कुणीही लिहू शकतो, मराठी माणूसही, इमारतीचा सेक्रेटरीही. १५ मीटरच्या खालच्या जुन्या इमारतींना ठरावीक वर्षांनी स्वतंत्र तपासणी सक्तीची करा, ही मागणी मी तरी पुढच्या मसुद्यावर लिहिणार आहे. तुमच्यासारख्या दोनशे सोसायट्यांनी तेच लिहिलं तर ते वाचलं जाईल.

कामाला पावसाळ्याआधी सुरुवात करा, ओल आली की दोष शोधणं अवघड होतं आणि मेगरचे आकडेही खाली येतात. ठेकेदार आला की पहिल्या दिवशी त्याला फक्त मीटर रूम आणि अर्थपिट दाखवा, फ्लॅट नंतर. अहवालात ‘ठीक’, ‘समाधानकारक’ असे शब्द चालणार नाहीत हे आधीच सांगा. प्रत्येक फ्लॅटसमोर इन्सुलेशन किती मेगओहम, अर्थ किती ओहम, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला आणि किती मिलिसेकंदांत, असे आकडे हवेत. ३० च्या रेटिंगचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये पडतो आणि ३० मिलिअँपिअरवर त्याला ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. ३२ फ्लॅटचे आकडे कधी सारखे येत नाहीत. सगळीकडे ‘५०’ दिसलं, तर पैसे देऊ नका आणि त्याला मेगर घेऊन परत बोलवा.